गुप्त्यांची मुकी गाडी

१

खंडेनवमीच्या सकाळी नऊच्या सुमाराला दमयंतीबाईंच्या अंगणात एक मोटारगाडी आली. फाटक सताड उघडं असताना ती कुंपण मोडून आली, आणि तिच्यात चालवणारं कुणीही नव्हतं.

बाई तेव्हा मागच्या पडवीत झेंडूची माळ ओवत बसल्या होत्या. पनवेलच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे कुणाची पट्टी पडली आणि कुणी डबा उघडला, हे त्यांना न वळता कळायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कान काही निवृत्त झाले नव्हते. त्या कानांनी लागोपाठ तीन आवाज टिपले. आधी शेजारच्या गुप्त्यांकडून पत्रा आपटल्यासारखा ‘धाड’. पाठोपाठ एक छोटा, ओळखीचा ‘खट’. आणि मग बांबू मोडल्याची कडकड.

त्या धावत पुढे आल्या. गुप्त्यांची निळी फियाट त्यांच्या तगरीच्या झाडाला नाक लावून उभी होती. पुढचं तोंड चेपलं होतं. ड्रायव्हरच्या दारातून अर्धा आत वाकलेला अविनाश, गुप्त्यांचा मुलगा, आसनाशेजारचा लाल दांडा दोन्ही हातांनी वर ओढून धरून होता. किल्ली तिच्या भोकात लटकत होती.

मोडक्या कुंपणापाशी अवधूतराव गुप्ते मनगट धरून मातीत बसले होते. गाडीमागे धावताना पडले होते. शेजारी त्यांची बायको शशिकला, धाप लागलेली, पदराने त्यांचा चेहरा पुसत होती.

“बाई, माझीच चूक,” अवधूतराव म्हणाले. “किल्ली मीच गाडीत विसरलो असणार. दादांचं जसं झालं ना, तसंच माझं व्हायला लागलंय.”

अवधूतरावांचे थोरले भाऊ शेवटच्या दोन वर्षांत घरातल्या माणसांची नावंसुद्धा विसरले होते. ते दमयंतीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण एक गोष्ट त्यांना टोचली. किल्लीच्या भोकाभोवतीच्या चकचकीत कडीला ओलं कुंकू लागलेलं होतं.

२

ही गाडी पेट्रोलवर चालत नव्हती, हे सांगायला हवं.

अवधूतराव तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होते. तिथे माल उचलायला बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट होत्या आणि त्यांची देखभाल अवधूतरावांकडे होती. शशिकलाला दमा. पेट्रोल-डिझेलचा धूर नाकात गेला की तिचा श्वास कोंडायचा. तिची थोरली बहीण उरणजवळ मोऱ्याला, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर राहायची. तिचे गुडघे गेलेले, आणि शशिकलाला एसटीत बसवत नाही. त्यामुळे तीस-पस्तीस किलोमीटरवर असून दोघी बहिणी सहा वर्षांत भेटल्या नव्हत्या.

“धुराचंच वावडं आहे ना तुला? मग धूर नसलेली गाडी करू,” असं अवधूतराव निवृत्तीच्या दिवशी बायकोला म्हणाले. लोक असं बोलतात आणि विसरतात. ते विसरले नाहीत. त्यांनी जुनी फियाट घेतली, तिचं इंजिन काढून विकलं, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून फोर्कलिफ्टची मोटर आणली आणि ट्रकच्या सहा बॅटऱ्या जोडल्या, दोन पुढे बॉनेटखाली, चार मागे डिकीत.

अविनाशचं म्हणणं होतं, पुण्याहून तयार इलेक्ट्रॉनिक डबा आणावा. पेडल जेवढं दाबाल तेवढा वेग, सगळं गुळगुळीत. अवधूतराव ऐकेनात. “तो डबा बिघडला तर मुकाट्याने बिघडतो, आणि कधी कधी पूर्ण वेगावर अडकून बसतो. माझा कॉन्टॅक्टर लागला की ‘खट’ वाजतो. जे वाजतं त्याच्यावर नजर ठेवता येते.” कॉन्टॅक्टर म्हणजे विजेने ओढला जाणारा जाडजूड खटका. पेडल थोडं दाबलं की पहिला खटका लागायचा आणि गाडी बैलगाडीच्या चालीने निघायची. आणखी दाबलं की पुढचे. या खटक्यांवर त्यांनी तीन कुलुपं ठेवली होती: किल्ली, पेडल, आणि सगळ्या बॅटऱ्या एका झटक्यात तोडणारा लाल दांडा.

त्या सकाळी दांडा लागलेला होता, कारण गाडी चार्ज होत होती आणि चार्जिंगला तो लागलेला असावा लागे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पेडलवर पाय नव्हता. मग गाडी निघाली कशी?

संध्याकाळी अवधूतराव मनगटाला प्लास्टर घालून आले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. अविनाशने हळूच सांगितलं, “परेशला निरोप दिलाय. रविवारी ट्रक घेऊन येतोय. गाडी भंगारात जाईल.”

परेश कळंबोलीचा लोखंडाचा व्यापारी. ती मोटर त्यानेच विकली होती आणि आता परत मिळाली तर हवीच होती.

अवधूतरावांनी मान हलवली. एवढंच. आपल्या हाताने उभं केलेलं काम मोडायला निघालं आणि या माणसाने साधा वादही घातला नाही. गाडी गेली तर गेली. पण हा माणूस आपलं डोकं गेलं असं समजून बसला, तर उद्यापासून तो खुर्चीतून उठणार नाही.

“रविवारपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही,” दमयंतीबाईंनी फर्मावलं. “माझ्या अंगणात आहे, माझी तगर मोडली आहे. पंचनामा मी करणार.”

३

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं घेऊन बाई गुप्त्यांकडे सोनं द्यायला गेल्या. जाताना मुद्दाम गाडी ठेवायच्या शेडमधून गेल्या.

चार्जरची वायर भिंतीतून उपटून निघाली होती. पुढे जमिनीवर एक दणकट काठी पडली होती, मधोमध चिरडून मोडलेली. मोडल्या जागी टायरची नक्षी उमटली होती. काठीच्या टोकाला झेंडूची माळ गुंडाळलेली, तीही चिरडलेली.

“ही काठी कसली, अवधूतराव?”

“बॉनेटची. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, एक ठिणगी पुरते. म्हणून मी बॉनेट आणि डिकी दोन्ही उघडी ठेवतो. बॉनेटला ती काठी लावतो.” मग खिन्नपणे, “झाडावर आपटली तेव्हा बॉनेट पडलं असणार.”

बाईंनी काठीकडे पाहिलं. झाड शंभर पावलं दूर त्यांच्या अंगणात, आणि काठी मात्र इथे, चाकाखाली सापडलेली.

आत मोरीपाशी शशिकला एक पांढरा शर्ट चोळत होती. “अविनाशचा नवा शर्ट. काल घातला न घातला तोच बाहीला कुंकू. निघता निघेना बघ.”

“कपाळाचं कुंकू बाहीला कसं लागलं गं?”

“कोण जाणे. काल करंडाही सांडला होता पाटावर. मांजर आलं असेल.”

“पाटावर काय काय मांडलं होतंस?”

“ह्यांची पक्कड, टेस्टर, हातड्रिल. माझी कात्री. अविनाशचं पेन. आणि गाडीची किल्ली. मीच खिळ्यावरून काढून ठेवली. ह्यांनी हळदकुंकू वाहिलं, आम्ही चहाला बसलो, तेवढ्यात बाहेर ते सगळं झालं.” तिचा आवाज कापला. “मधे कधीतरी ह्यांनी किल्ली उचलून नेली असेल. त्यांना आठवत नाही म्हणतात.”

बाईंना ते पटेना. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा अवधूतरावांचा चाळीस वर्षांचा नेम. देवाचं फारसं न करणारा हा माणूस त्या एका दिवशी मात्र फ्यूज उडाला तरी पेचकस हातात घेत नसे. अंधारात बसे, पण नेम मोडत नसे. आठवण जाते तेव्हा नावं जातात, तारखा जातात. हातांची सवय इतक्या लवकर जात नाही.

निघताना त्यांनी दाराकडे पाहिलं. चौकटीला ताजी लिंबू-मिरची, पिवळ्याधमक तांब्याच्या तारेत ओवलेली. अविनाशच्या स्कूटरला एक. शिलाई मशीनच्या चाकाला एक. अवधूतरावांच्या जुन्या सायकललासुद्धा एक.

“तार कुठली गं ही?”

“ह्यांच्या शेडमधली. दोरा पावसात कुजतो.”

“आणि गाडीला नाही बांधलंस?”

शशिकलाने शर्ट पुन्हा पाण्यात बुडवला. “ह्यांना आवडत नाही. गाडीला असलं काही लावायचं नाही, अशी शपथ घातलीये मला.”

असं म्हणताना तिने बाईंकडे पाहिलं नाही. तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेल्या बाईला तेवढं पुरेसं होतं.

४

त्याच दुपारी दमयंतीबाईंनी आपल्या ट्रंकेतून शाळेच्या प्रयोगशाळेची एक आठवण काढली. लाकडी हँडलचा टेस्ट-लँप: एक बल्ब आणि दोन लांब वायरी. बॉनेट झाडाने चेपून घट्ट बसलं होतं, पण डिकी उघडत होती.

त्यांनी रबरी चप्पल घातली, उजव्या हातात रबरी हातमोजा घातला आणि डावा हात पाठीमागे धरला. विजेच्या कामात एक हात खिशात किंवा पाठीमागे ठेवावा, हे त्या प्रत्येक वर्गाला सांगत आल्या होत्या. लँपची एक वायर त्यांनी बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी डिकीच्या उघड्या पत्र्याला.

बल्ब मिणमिणला.

बाई दचकल्या. हे व्हायला नको होतं. अवधूतरावांनी अभिमानाने दहा वेळा सांगितलं होतं की या बॅटऱ्यांचा गाडीच्या पत्र्याशी काही म्हणजे काही संबंध ठेवलेला नाही. ना प्लसचा, ना मायनसचा. बहात्तर व्होल्ट आहेत. चुकून एका ठिकाणी वायर पत्र्याला लागली तरी काही बिघडू नये, म्हणून सगळं अधांतरी ठेवलेलं. आणि इथे तर मायनस सरळ पत्र्याला जोडलेला होता.

त्या वाकल्या. बॅटऱ्यांच्या ट्रेखाली, सहज दिसणार नाही अशा जागी, एक जाड वायर मायनसपासून निघून पत्र्याच्या बोल्टला घट्ट आवळली होती. काम नीटनेटकं होतं. वायरीच्या टोकाची वळी फोर्कलिफ्टवाले घालतात तशी, दुहेरी.

अवधूतरावांच्या हाताखाली फोर्कलिफ्टवर काम केलेला एकच माणूस गाडीपाशी यायचा. तुळशीराम. आणि कालपासून, दसऱ्याचं सोनं द्यायलासुद्धा, तो फिरकला नव्हता.

५

शनिवारी बाई रिक्षाने कळंबोलीला गेल्या. ट्रक टर्मिनलपाशी तुळशीराम एका टेम्पोखाली पाठीवर पडून काम करत होता. बाहेर आला, बाईंना पाहिलं आणि त्यांच्या आठवीच्या वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला.

“तुळशीराम, गाडीच्या मायनसला पत्रा कुणी जोडला?”

तो खाली बघत राहिला. मग एकदम डोळे भरून आले. “आमीच केला, बाई. मंगलवारी. काका जेवायला गेले तवा.”

“का?”

“काका दिवसभर त्या बॅटऱ्यांमंदी हात घालतात. वय झाला आता. सगल्या ट्रकना बॉडीला निगेटिव असतो, तुमी बगा पाहिजे तर. ह्याच गाडीला नाय. मला भ्या वाटला, काकांना शॉक बसंल. काकांना सांगितला तर आयकनार नाय. म्हनून गुपचूप अर्थिंग दिला.” त्याने बाहीने नाक पुसलं. “दुसरे दिवशी काकांनी गाडी फिरवली पन. काय झाला नाय. मग गाडी सुटली आनि काका पडले. आता कोनत्या तोंडानं जाऊ?”

या माणसाने चांगल्या मनाने नेमकं उलटं केलं होतं. मायनस पत्र्याला जोडल्यावर, पत्र्याला टेकलेल्या माणसाचा हात प्लसला लागला तर शॉक बसणार होता. आधी बसला नसता. पण हे ऐकून तो तिथेच कोसळला असता, म्हणून बाईंनी ते पुढच्यासाठी ठेवलं.

“तू म्हणतोस ते खरं आहे. एवढ्याने गाडी सुटत नाही. बुधवारी सुटली नाही, म्हणजे तुझी वायर एकटी गुन्हेगार नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी पहार घेऊन ये. बॉनेट उघडायचंय.”

परत येताना त्या अविनाशला, तो नोकरीला होता त्या बँकेबाहेर, भेटल्या. शनिवारची अर्धी सुट्टी होती. जवळच्या टपरीवर त्याने दोन चहा सांगितले.

“अविनाश, पाटावरून किल्ली तू उचललीस.”

त्याने कप खाली ठेवला.

“तुझ्या बाहीला कुंकू आहे, करंडा सांडलाय, आणि किल्लीच्या भोकाला ओलं कुंकू मी स्वतः पाहिलं. गाडी सुटली तेव्हा किल्ली पाटावरच होती. तू ती घेऊन धावलास, गाडी बंद करायला. फिरवलीस, काही झालं नाही. मग दांडा ओढलास. बरोबर?”

“बरोबर,” तो हळू म्हणाला.

“आणि वडील म्हणाले, किल्ली मीच विसरलो. तू ऐकत होतास.”

शेजारून एक ट्रक धूर सोडत गेला.

“बाई, ते झाड नसतं तर? गाडीपुढे बाबा असते तर? ते रोज त्या बॅटऱ्यांत वाकलेले असतात. रोज ऑफिसात माझं लक्ष फोनकडे असतं. गाडीत बिघाड आहे म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आत शिरले असते. विसरलो म्हणाले तेव्हा वाटलं, आता थांबतील. वाचतील.” त्याने डोळे चोळले. “पण ते खुर्चीत बसलेत ना, तसे मला बघवत नाहीत.”

“वाचवलंस खरं,” बाई म्हणाल्या, “पण माणूस कुठला वाचला रे त्यात?”

६

रविवारी दहाला परेशचा ट्रक आला. त्याच्या मागोमाग तुळशीराम पहार घेऊन. अविनाश होता, शशिकला होती, आणि बाईंनी बळेच उठवून आणलेले अवधूतराव, गळ्यात प्लास्टरचा हात.

“परेशभाऊ, पाच मिनिटं बसा. चहा घ्या,” बाई म्हणाल्या. त्यांचा वर्ग भरला होता. “हे बॉनेट उघडण्याआधी मी सांगते आत काय सापडेल. चुकले तर गाडी घेऊन जा.”

परेश हसला. “आणि बरोबर निघालं तर?”

“तर रिकामा ट्रक घेऊन जा.”

त्या गाडीजवळ गेल्या. “अवधूतराव, पहिल्या खटक्याची वायर कशी जोडलीत, ते सांगा. घाबरू नका, आठवेल.”

अवधूतराव जरा थांबले. मग आवाज आपोआप फोरमनचा झाला. “प्लस लाल दांड्यातून थेट खटका ओढणाऱ्या कॉइलला. कॉइलमधून निघून बॉनेटखालच्या फळीवरच्या बोल्टला. तिथून पेडलचा स्विच, मग किल्ली, मग मायनस.”

“म्हणजे किल्ली आणि पेडल, दोन्ही मायनसच्या बाजूला?”

“हो. तसं केलं की वायर कमी लागत होती. चार फूट वाचली.” बोलता बोलता ते थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं होतं.

“नळाची तोटी पाइपच्या शेवटाला बसवली, तर पाइप मधेच फुटल्यावर तोटी बंद असून काय उपयोग? तुमच्या कॉइलच्या पुढे, त्या बोल्टशी, विजेला मायनसकडे जायला दुसरी वाट मिळाली, तर किल्ली खिळ्यावर असो की पाटावर, खटका लागणार. गाडी पहिल्या चालीने निघणार. हँडब्रेक तुमचा नावापुरता. गाडी हळू आली, आठवतंय? पाठीमागे धावता येईल इतकी हळू.”

“पण दुसरी वाट येणार कुठून? पत्र्याला मी काहीच जोडलेलं नाही!”

तुळशीराम पुढे आला आणि त्याने आपली वायर कबूल केली. अवधूतराव त्याच्याकडे बघतच राहिले.

“ही अर्धी वाट,” बाई म्हणाल्या. “मायनसपासून पत्र्यापर्यंत. बुधवारी गाडी फिरली तेव्हा ही होती आणि काही झालं नाही, कारण उरलेली अर्धी, पत्र्यापासून बोल्टपर्यंतची, तेव्हा नव्हती. ती खंडेनवमीला आली. मला तीन आवाज आले. पत्रा, मग खट, मग कुंपण. म्हणजे बॉनेट आधी पडलं आणि त्याच्या पडण्याने खटका लागला. काठी शेडमध्येच चाकाखाली चिरडली आहे, तीही हेच सांगते. काठीला कुणीतरी ओल्या झेंडूची जड माळ बांधली, खाडीवरून वारा आला, काठी सरकली.”

शशिकलाचा हात तोंडाशी गेला.

“पण नुसतं बॉनेट पडून बोल्टला पत्रा टेकत नाही. मधे वीतभर अंतर आहे. बॉनेटच्या आतून काहीतरी लोंबत असलं पाहिजे. धातूचं.” बाईंचा आवाज मऊ झाला. “या घरात चाक असलेल्या प्रत्येक वस्तूला लिंबू-मिरची आहे, तांब्याच्या तारेत ओवलेली. शिलाई मशीनलासुद्धा आहे. जिच्यात नवरा रोज जीव धोक्यात घालतो, तिलाच तेवढी नाही, हे मला पटलं नाही. तुळशीराम, उघड.”

पहार लागली. पत्रा कुरकुरला आणि बॉनेट वर आलं. आतल्या बाजूला, बिजागरीजवळच्या भोकात अडकवलेली तार खाली लोंबत होती. तिच्यात दोन सुकलेल्या मिरच्या आणि एक लिंबू. तारेचं टोक खालच्या फळीवरच्या बोल्टला चाटून गेलेलं, तिथे काळा ठिपका.

परेशचा चहा तसाच राहिला.

“शपथ मोडली मी,” शशिकला रडत म्हणाली. “तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा. तुम्हाला दिसू नये म्हणून आतून बांधली. तुम्हाला काही होऊ नये एवढंच... आणि माझ्यामुळेच तुमचा हात...”

“आणि किल्ली मी नेली, बाबा,” अविनाश म्हणाला. “ती पाटावरच होती. तुम्ही काही विसरला नव्हता. मला माहीत असून मी बोललो नाही.”

अवधूतरावांनी एकेकाकडे पाहिलं. तुळशीरामकडे, मुलाकडे, बायकोकडे. मग त्या लिंबाकडे. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसले, इतके की प्लास्टरचा हात हलून कळ आली.

“म्हणजे मला जपण्यासाठी तिघांनी मिळून मला पाडलंत!” मग हसू ओसरलं आणि डोळे ओले झाले. “आणि चार फूट वायर वाचवणारा मी चौथा. शशी, रडू नको. लिंबू बांध, पण सुती दोऱ्यात. कुजला तर कुजला, दर शनिवारी नवा बांध. माझी काही शपथ नाही.”

परेशने कप खाली ठेवला आणि ट्रककडे निघाला. जाता जाता म्हणाला, “गुप्तेकाका, हँडब्रेकची केबल पाठवतो. नवी.”

७

काम महिनाभर चाललं. तुळशीरामची वायर निघाली आणि ती का धोक्याची होती हे त्याला समजावून सांगताना अवधूतरावांनी अख्खा रविवार घालवला. किल्ली आणि पेडल प्लसच्या बाजूला गेले. बोल्टच्या फळीवर बेकेलाइटचं झाकण बसलं. चार्जिंगची जोडणी दांड्याच्या अलीकडे आली, म्हणजे चार्ज होताना दांडा काढूनच ठेवायचा. आणि बाईंच्या हट्टावरून दोन छोटे दिवे लागले, बॅटरीचं कुठलंही टोक पत्र्याला लागलं की एक मंद व्हावा म्हणून. आरटीओचे कागद हे वेगळंच रहस्य होतं, ते अविनाशने चार फेऱ्यांत सोडवलं.

प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांनी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, गाडी मोऱ्याला निघाली. अवधूतराव चालवत होते, शेजारी शशिकला, मागे अविनाश आणि दमयंतीबाई. मिठागरांच्या कडेने जाताना काचा खाली होत्या. बाईंचं लक्ष रस्त्यापेक्षा शशिकलाच्या श्वासाकडे होतं. तो एकसारखा, शांत चालला होता.

मोऱ्याला बहिणीच्या दारात गाडी थांबली. थोरली बहीण दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. तिला काही ऐकूच आलं नाही. शशिकला उतरली, चार पावलं चालली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“अगं बाई! कधी आलीस? आवाज कसा नाही झाला?”

“आवाज नाही, धूर नाही, ताई,” शशिकला म्हणाली, आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या.

अवधूतराव गाडीपाशीच उभे होते. दांडा काढला, चाकाखाली दगड लावला, दिवे पाहिले. मग खिसा चाचपला. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. त्यांचा चेहरा उतरला.

“किल्ली,” ते अविनाशला हळूच म्हणाले. “किल्ली कुठे ठेवली मी?”

अविनाश गाडीत वाकून आसनाखाली पाहू लागला.

दारातून शशिकलाने वळून पाहिलं. पदराच्या गाठीतून तिने किल्ली काढली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली.

“तुम्ही नाही विसरलात,” ती म्हणाली. “मी घेतली. परत जाताना मला विचारूनच निघायचं.”